सर्पगंधा, खाजकुयली आणि मेंदूतल्या काळ्या पेशी

(नालवाडी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विनोबा १९३२ च्या अखेरीस नालवाडीत राहायला आले आणि १९३८ मध्ये पवनारला जाईपर्यंत इथेच राहिले. त्या वर्षांत त्यांनी इथे सूतकताईचे जे प्रयोग केले ते आपण श्रमाचे आणि स्वावलंबनाचे प्रयोग म्हणून वाचतो. मी मेंदूच्या आजारांचा डॉक्टर. मला त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. कातताना एक हात चाक फिरवतो आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीतला पेळू मागे मागे जातो. दोन हातांचा वेग वेगळा, दिशा वेगळी, जोर वेगळा. धागा जाड पडतोय की तुटायला आलाय हे बोटांना कळते, आणि कातणारा तेवढ्यात कोणाशी बोलत असला, कोणाला शिकवत असला, तरी हात चुकत नाहीत. शिकताना महिनोन्‌महिने लागलेले लक्ष एकदा सवय जडली की मोकळे होते. हे लक्ष न देता चालणारे काम मेंदूतल्या ज्या मोजक्या पेशींच्या भरवशावर चालते, त्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे. त्या झिजल्या की होणाऱ्या आजाराला आपण कंपवात म्हणतो, आणि जगात त्याला पार्किन्सनचा आजार म्हणतात.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना अखेरच्या वर्षांत हाच आजार होता हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्यांच्या कुटुंबीयांनीच हा विषय सुचवला. मला तो मनापासून आवडला, कारण या आजाराबद्दल जेवढे ठाऊक झाले आहे त्याचा फार थोडा भाग आपल्या खेड्यांतल्या घरांपर्यंत पोचला आहे, आणि या विषयातल्या संशोधनाची वाट आपल्याच मातीतून गेली आहे हे तर शिकलेल्यांनाही माहीत नसते.

आधी आजाराची ओळख. लंडनच्या हॉक्स्टन भागात जेम्स पार्किन्सन नावाचे डॉक्टर होते. १८१७ मध्ये त्यांनी या आजारावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. त्यात सहाच रुग्ण आहेत, आणि त्यांतले काही तर त्यांनी रस्त्याने जाता-येता पाहिलेले. तरीही त्या वर्णनाचा गाभा आज बदलावा लागत नाही. आजाराची लक्षणे अशी. हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना अंगठा आणि तर्जनी गोळी वळल्यासारखी हलत राहतात. हात कामाला लावला की कंप कमी होतो. अंग ताठरते. सगळ्या हालचाली मंद होतात. चालताना एका बाजूचा हात झुलत नाही. पावले लहान पडतात, दाराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात. अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक बारीक होत जाते. आवाज खाली येतो. चेहऱ्यावरचे भाव कमी होतात आणि घरच्यांना वाटते, बाबा आता कशातच रस घेत नाहीत. बाबांना रस असतो. तो चेहऱ्याच्या स्नायूंपर्यंत पोचत नाही. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो: कंपवातात प्रत्येकाला कंप येतोच असे नाही. काही जण वर्षभर खांदा आखडला म्हणून शेकत बसतात, तेल चोळतात, आणि मूळ कारण मेंदूत असते.

मेंदूच्या तळाशी, मणक्याकडे उतरणाऱ्या दांड्याच्या वरच्या टोकाला मध्यमेंदू असतो. तो आडवा कापला तर दोन्ही बाजूंना एकेक काळपट पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. वैद्यकात त्याला सबस्टॅन्शिया नायग्रा म्हणतात. तिथल्या चेतापेशी डोपामाइन तयार करतात, आणि ते तयार होताना वयाबरोबर न्यूरोमेलॅनिन नावाचे काळे रंगद्रव्य त्यांच्यात साठत जाते. दोन्ही बाजूंच्या मिळून या पेशी काही लाखच असतात. सबंध मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत हे लक्षात घेतले, तर ही संख्या किती लहान आहे ते कळेल. १९१९ मध्ये कोन्स्टान्टिन त्रेत्याकोफ या तरुण डॉक्टराने पॅरिसमध्ये कंपवाताच्या रुग्णांचे मेंदू तपासले आणि हा काळा पट्टा फिकट पडलेला दाखवला. त्याआधी १९१२ मध्ये फ्रीड्रिख लेवी यांना अशा रुग्णांच्या चेतापेशींत गोलसर कण आढळले होते. त्यांना आज लेवी बॉडी म्हणतात. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच नेमके काय मरते ते दिसले होते. मरणाऱ्या पेशी करत काय होत्या, हे कळायला मात्र आणखी चाळीस वर्षे लागली. आणि ते कळले ते एका भारतीय वनस्पतीमुळे.

ती वनस्पती सर्पगंधा. वेडाच्या भरात असलेल्या माणसाला शांत करण्यासाठी आणि झोपेसाठी वैद्य तिचे मूळ देत आले. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याविषयी आधुनिक वैद्यकाच्या भाषेत लिहिले: मन शांत होते आणि रक्तदाब उतरतो. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांवर पद्धतशीर वापरून पाहिली आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये पन्नास रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रक्तदाबावर धड औषध नव्हते तो हा काळ. वकीलांचा निबंध वाचून युरोप-अमेरिकेचे डोळे या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातले मुख्य द्रव्य वेगळे केले आणि त्याला रेसर्पिन नाव दिले. १९५७ मध्ये वकीलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. केईएमच्या वॉर्डात काम करणाऱ्या डॉक्टरला तो मिळावा याचा आजही अभिमान वाटतो, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव किती कमी येते याचे वाईटही वाटते.

रेसर्पिन जगभर वापरात आले तेव्हा डॉक्टरांच्या ध्यानात आले की काही रुग्ण मंदावतात, ताठरतात, चेहरा निर्विकार होतो, हात कापू लागतात. अगदी कंपवातासारखे. औषध थांबवले की हे उतरायचे. स्वीडनमध्ये लुंड येथे आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन टोचले. ससे निपचित पडले, त्यांचे कान लोंबू लागले. रेसर्पिन मेंदूतली रासायनिक द्रव्ये रिकामी करते एवढे तोवर कळले होते. ती भरून दिली तर? कार्लसननी त्या सशांना एल-डोपा नावाचे द्रव्य टोचले, जे शरीरात गेल्यावर डोपामाइन बनते. काही मिनिटांत कान उभे राहिले आणि ससे हिंडू लागले. ही गोष्ट १९५७ ची. पुढच्याच वर्षी त्यांनी मेंदूत डोपामाइन असते आणि ते रेसर्पिनने नाहीसे होते हे मोजून दाखवले. तोवर डोपामाइन म्हणजे दुसरे द्रव्य बनतानाचा मधला टप्पा, त्याला स्वतःचे काम नाही, असेच समजले जाई.

व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी आणि हर्बर्ट एरिंगर यांनी मृत रुग्णांच्या मेंदूतला स्ट्रायटम हा भाग घेतला. काळ्या पट्ट्यातल्या पेशींचे तंतू तिथेच जाऊन पोचतात. डोपामाइन असेल तर त्या भागाच्या अर्कात गुलाबी रंग येतो अशी एक रासायनिक चाचणी होती. निरोगी मेंदूच्या अर्कात रंग आला. कंपवाताच्या रुग्णांच्या अर्कात जवळजवळ आलाच नाही. यंत्रात आकडा मोजण्याआधीच तो फरक परीक्षानळीत डोळ्यांना दिसला होता. १९६० मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि १९६१ मध्ये वाल्टर बिर्कमायर यांनी होर्निकिएविच यांच्यासोबत रुग्णांना एल-डोपाची इंजेक्शने दिली. अंथरुणाला खिळलेले काही जण थोडा वेळ का होईना, उठून चालले. न्यूयॉर्कजवळ ब्रुकहेवन येथे जॉर्ज कोत्झियास यांनी १९६७ मध्ये डोपा तोंडाने, अगदी थोड्या मात्रेपासून हळूहळू वाढवत मोठ्या मात्रेपर्यंत देऊन दाखवले, आणि तिथून या आजाराचा इलाज खऱ्या अर्थाने सुरू झाला. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले, होर्निकिएविच यांना नाही. जगभरच्या दोनशेहून अधिक मज्जाविकारतज्ज्ञांनी त्याविरुद्ध जाहीर पत्र लिहिले. मी त्यांच्या बाजूचा आहे.

या इतिहासातून एक व्यवहाराची गोष्ट निघते आणि ती मला इथे फार महत्त्वाची वाटते. रेसर्पिन आता क्वचितच वापरले जाते, पण डोपामाइनचे काम अडवणारी दुसरी औषधे घराघरांत आहेत. उलटी-मळमळीवरचे मेटोक्लोप्रामाइड. चक्करेवरचे सिनारिझिन. अर्धशिशीवरचे फ्लुनारिझिन. मानसिक आजारांवरचे हॅलोपेरिडॉल. ही योग्य ठिकाणी उपयोगाची औषधे आहेत. पण साठीच्या पुढच्या माणसाने चक्करेची गोळी दुकानातून आणून महिनोन्‌महिने चालू ठेवली, तर त्याला कंपवातासारखी लक्षणे येऊ शकतात. अशा माणसावर कंपवाताचा इलाज सुरू करण्याआधी त्याची गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करून पाहावी लागते. गोळी बंद केल्यावर पुष्कळांची लक्षणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. हे निदान करायला महागडे यंत्र लागत नाही. मात्र मानसिक आजाराची गोळी कोणीही मनाने बंद करू नका. ते डॉक्टरनेच ठरवायचे.

आता दुसरी वनस्पती. खाजकुयली तुम्हाला दाखवण्याची गरज नाही. कुंपणावर चढणारी ही वेल, मखमली लव असलेल्या तिच्या शेंगा, आणि त्या अंगाला लागल्या तर उठणारी खाज लहानपणी सगळ्यांनी अनुभवलेली असते. आयुर्वेदात तिला कपिकच्छू, आत्मगुप्ता म्हणतात. दुकानात बी कवचबीज म्हणून मिळते. १९३७ मध्ये मद्रास विद्यापीठातल्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून एल-डोपा वेगळे काढून दाखवले. तेव्हा त्याचा कंपवाताशी काही संबंध असेल हे जगात कोणालाच ठाऊक नव्हते. सशांचे कान उभे राहायला अजून वीस वर्षे होती. पुढे एल-डोपाची गोळी आली, आणि मुंबईतल्या डॉ. अशोक वैद्य यांच्या गटाने १९७८ मध्ये कवचबीजाच्या चूर्णाने कंपवाताच्या रुग्णांवर केलेल्या इलाजाचे निष्कर्ष ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त मांडले. १९९५ मध्ये या बियांपासून बनवलेल्या एचपी-२०० या औषधाची साठ रुग्णांवर बारा आठवडे घेतलेली चाचणी प्रसिद्ध झाली. रुग्णांत सुधारणा दिसली. लंडनमध्ये २००४ साली आठ रुग्णांवर काटेकोर तुलना झाली. ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर, सुमारे ३५ मिनिटांत सुरू झाला.

ही परंपरेची आणि विज्ञानाची खरी भेट आहे असे मी मानतो. वैद्य म्हणाले होते म्हणून ते खरे ठरले नाही, आणि वैद्य म्हणाले होते म्हणून ते फेकूनही दिले गेले नाही. बियांतले द्रव्य ओळखले, मोजले, रुग्णांवर पारखले. पण म्हणूनच इशाराही देतो. बियांत एल-डोपाचे प्रमाण साधारण चार ते सहा टक्के, तेही जातीनुसार आणि जमिनीनुसार कमीजास्त. आधीच गोळी घेणाऱ्याने बाजारातले चूर्ण वर घेतले तर मात्रा दुप्पट होऊ शकते. मग रक्तदाब एकदम उतरतो, भास होतात, हातपाय वेडेवाकडे हलू लागतात. घेत असाल तर डॉक्टरपासून लपवू नका.

गोळीचेही एक शास्त्र आहे. नुसते एल-डोपा पोटात घेतले तर त्याचे बरेचसे डोपामाइन आतड्यात आणि रक्तातच होऊन जाते. त्याने मळमळते, आणि मेंदूला फार थोडे मिळते. म्हणून सत्तरच्या दशकापासून त्यात कार्बिडोपा मिसळतात. ते मेंदूबाहेरचे रूपांतर रोखते आणि एल-डोपाची गरज तीनचतुर्थांशाने कमी होते. आपल्याकडे रुग्ण ज्या गोळीला सरसकट सिंडोपा म्हणतात ती हीच. ती रिकाम्या पोटी, जेवणाआधी अर्धा तास घ्यावी, कारण डाळ, दूध, अंडी, मांस यांतल्या प्रथिनांचे घटक आणि एल-डोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत एकाच दाराने शिरतात. ताटात वरण आणि हातात गोळी असे झाले तर गोळीला दारातच थांबावे लागते. कितीतरी रुग्ण “गोळी लागू पडत नाही” म्हणून येतात आणि त्यांची फक्त वेळ बदलावी लागते.

पण काही वर्षांनी खरी अडचण सुरू होते. ती समजण्यासाठी पेशीकडे परत गेले पाहिजे. निरोगी मेंदूत या काळ्या पेशी कोणी आज्ञा देण्याची वाट पाहत नाहीत. सेकंदाला दोन ते चार या गतीने त्या आपल्या आपण स्पंदत असतात, झोपेतही, आणि डोपामाइनची एक सतत, बारीक धार स्ट्रायटमला मिळत राहते. काही अनपेक्षित चांगले घडले की त्यांचा वेग क्षणभर वाढतो, अपेक्षा फसली की घटतो. सवय जडते ती याच चढउतारांतून. गोळी हे चढउतार भरून देऊ शकत नाही, ती फक्त पातळी वर आणते. वितरिकेला रात्रंदिवस बारीक पाणी असते तेव्हा वावर ओले राहते, आणि पाळीचे पाणी आले की एकदा दलदल, मग भेगा. तसे हे होते. सुरुवातीला उरलेल्या पेशी गोळीतले डोपामाइन साठवून हळूहळू सोडतात, त्यामुळे दिवसातून तीन गोळ्या पुरतात. पेशी आणखी कमी झाल्या की साठवण संपते. एल-डोपा रक्तात दीड तासात निम्मे होते. मग रुग्ण दहा वाजता हिंडतो-फिरतो, साडेबाराला खुर्चीला खिळतो, दोनला परत चालतो पण आता अंग नको तितके हलते. घरातल्यांना हे ढोंग वाटते. सुनांच्या तोंडून, मुलांच्या तोंडून मी हे ऐकलेले आहे. कृपा करून लक्षात ठेवा: हे ढोंग नाही. गोळीची वेळ आणि चालण्याची वेळ एका वहीत चार दिवस लिहून आणा. त्यातून डॉक्टरला सगळे कळते.

या टप्प्यावर काही निवडक रुग्णांना मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया उपयोगी पडते. ग्रेनोब्लमध्ये अलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये या पद्धतीची सुरुवात केली आणि आपल्याकडे मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी ती रुजवली. ती सर्वांसाठी नाही आणि तिचा खर्च मोठा आहे, एवढे सांगून मी पुढे जातो.

या पेशी का मरतात? माझ्या मते आजच्या संशोधनातला सर्वांत रंजक भाग हा आहे. मेंदूतल्या इतक्या पेशी सोडून आजार यांनाच का धरतो, याचे एक उत्तर त्यांच्या पसाऱ्यात सापडते. उंदराच्या अशा एकाच पेशीचा तंतू आणि त्याच्या सगळ्या फांद्या मोजल्या तर लांबी सरासरी अर्ध्या मीटरच्या घरात जाते. माणसात ती काही मीटर आणि जोडण्या दहा लाखांहून जास्त असाव्यात असा हिशेब मांडला गेला आहे. एका पेशीने एवढा संसार चालवायचा, शिवाय न थांबता स्पंदायचे, आणि प्रत्येक स्पंदनाबरोबर आत शिरणारे कॅल्शियम बाहेर काढायचे. ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांवर आयुष्यभर ताण. शिकागोचे जेम्स सर्मायर यांनी हा धागा पुढे नेला. कॅल्शियमची ही दारे बंद करणारे इस्राडिपिन नावाचे जुने रक्तदाबाचे औषध ३३६ रुग्णांना देऊन पाहिले गेले. २०२० मध्ये निकाल आला: आजाराची गती मंदावली नाही. कल्पना सुंदर होती. पण लक्षणे दिसेपर्यंत काळ्या पट्ट्यातल्या पेशींचा मोठा भाग गेलेलाच असतो. आग विझवायला आपण फार उशिरा पोचतो.

दुसरा धागा अल्फा-सायन्यूक्लिन या प्रथिनाचा. इटलीतल्या कोन्तुर्सी गावातून आलेल्या एका कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या कंपवात होता. १९९७ मध्ये त्यांच्या जनुकातला दोष सापडला, तो याच प्रथिनाचा. त्याच वर्षी लेवी बॉडी मुख्यतः याच प्रथिनाच्या गुठळ्या आहेत हेही दिसले. २००३ मध्ये जर्मनीतले हाइको ब्राक यांनी मांडले की या गुठळ्या काळ्या पट्ट्यात सुरू होत नाहीत. त्या आधी वासाच्या केंद्रात आणि आतड्याशी जोडलेल्या नसांच्या मुळाशी दिसतात आणि नंतर वर सरकतात. सगळ्या रुग्णांना हे लागू पडत नाही, पण त्यामुळे जुन्या तक्रारींचा अर्थ लागला. हात कापण्याच्या कित्येक वर्षे आधी वास येईनासा होतो, बद्धकोष्ठ जडते, आणि झोपेत माणूस स्वप्नातल्या भांडणात खरोखर लाथा मारतो, ओरडतो. वास गेलेले सगळे काही पुढे कंपवाती होत नाहीत, हेही सांगून ठेवतो. उद्या गावभर हिंग हुंगत बसू नका. आता पाठीच्या कण्यातल्या पाण्यातून हे बिघडलेले प्रथिन ओळखता येते, आणि २०२३ मध्ये हजारांहून अधिक लोकांवर ही चाचणी भरवशाची ठरली.

तिसरा धागा विषाचा, आणि कापसाच्या या मुलुखात तो टाळून पुढे जाता येणार नाही. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी एकाएकी पुतळ्यासारखे गोठून दवाखान्यात आले. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट मादक द्रव्यात एमपीटीपी नावाचा पदार्थ होता. डॉ. विल्यम लँग्स्टन यांनी तो शोधून काढला. मेंदूत गेल्यावर त्याचे जे विष बनते ते डोपामाइन आत घेण्याच्या दारातूनच या पेशींत शिरते आणि त्यांची ऊर्जा बंद पाडते. त्या विषाची घडण पॅराक्वॅट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या शेतांवर फवारणी करणाऱ्यांच्या अभ्यासात पॅराक्वॅट वापरलेल्यांत कंपवाताचे प्रमाण अडीच पट आढळले. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. आपल्या कृषिकेंद्रांत मिळते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेतकरी-मजूर दगावले ती घटना वेगळी, ती कीटकनाशकांची तात्काळ विषबाधा होती. दोन्हींची गल्लत करू नये. पण हातमोजे, तोंडावर मुसके आणि वाऱ्याची दिशा या गोष्टी दोन्हींसाठी त्याच आहेत. आणि तण निंदून काढता येत असेल तिथे पॅराक्वॅट नको, हे माझे स्पष्ट मत आहे.

मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी बसवता येतील का, हे लोक मला सर्वांत जास्त विचारतात. लुंडमध्ये १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात गर्भातल्या पेशी बसवून पाहिल्या. काही रुग्णांना वर्षानुवर्षे लाभ झाला, आणि २००८ मध्ये एक चटका लावणारी गोष्ट कळली: दहा-पंधरा वर्षांनी त्या तरुण पेशींतही लेवी बॉडी तयार झाल्या होत्या. २०२५ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठातून जुन ताकाहाशी यांच्या गटाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी सात रुग्णांच्या मेंदूत सोडल्याचे निष्कर्ष आले. दोन वर्षांत गंभीर अपाय झाला नाही, पेशी जगल्या, डोपामाइन बनवू लागल्या, आणि तपासलेल्या सहापैकी चौघांच्या हालचाली औषध नसतानाच्या वेळेतही सुधारल्या. ही मोठी गोष्ट आहे, आणि सात ही संख्या लहान आहे. “स्टेम सेल” नावाची पाटी लावून आज कोणी लाखो रुपये मागत असेल तर देऊ नका. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत.

क्योतोहून आता वर्ध्याला येतो. सेवाग्राम आणि सावंगी, दोन वैद्यकीय महाविद्यालये इथून काही किलोमीटरवर आहेत. एल-डोपाची गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तरीही माझ्याकडे लोक येतात ते पाच-पाच वर्षे उशिरा, कारण म्हातारपणी हातपाय हळू व्हायचेच असे घरात ठरलेले असते. मुंबईत डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींत घरोघर जाऊन १४,०१० माणसांची पाहणी केली. १९८८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यांना कंपवाताचे ४६ रुग्ण सापडले, म्हणजे लाखामागे सुमारे ३२८. काश्मीरच्या खेड्यांतल्या पाहणीत हाच आकडा लाखामागे १४ आला. या फरकाचा मोठा वाटा वयाचा आहे. पारशी समाजात वृद्ध जास्त. आता विदर्भातल्या गावांकडे पाहा. मुले पुण्याला, नागपूरला गेली, मागे कोण राहिले? पारशी वसाहतींसारखी वयाची रचना आपल्या गावांत होऊ घातली आहे.

घरोघर जाऊन आजार शोधणे या मातीला नवे नाही. याच नालवाडीतून मनोहर दिवाण १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठसेवेसाठी गेले. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झाले आणि डॉ. रा. वि. वारदेकर यांनी पद्धत बसवली: दवाखान्यात बसून रुग्णाची वाट पाहायची नाही. गावातल्या प्रत्येक घरी जाऊन पाहणी, लोकांना आजार समजावणे, आणि घरपोच औषध. पुढे देशाच्या कुष्ठ कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. कंपवात संसर्गाचा नाही, त्याची लाज धरण्याचे तर काहीच कारण नाही. म्हणजे त्यांना जे अवघड होते ते आपल्याला सोपे आहे. मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना एकत्र आणतात, व्यायाम घेतात, घरच्यांना बोलते करतात. पुण्यात हृषीकेश पवार यांनी रुग्णांना नृत्य शिकवले, आणि ताल धरला की थबकलेली पावले उचलतात हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. भजनी मंडळ प्रत्येक गावात आहे. टाळाच्या तालावर चालण्याचा व्यायाम आपल्याकडे व्हायला कोणाची परवानगी लागणार आहे?

म्हणून संयोजकांपुढे एक काम ठेवतो, आणि ते या वर्षीच करावे असा माझा आग्रह आहे. नालवाडीतल्या साठीपुढच्या प्रत्येक माणसाच्या घरी आशाताई आणि महाविद्यालयाचे विद्यार्थी यांनी जावे. विचारायचे एवढेच: अक्षर बारीक झाले का, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो का, चालताना एक हात झुलत नाही असे कोणी म्हणाले का, उठताना खुर्चीचा आधार लागतो का, स्वस्थ बसले असताना हात हलतो का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. ज्याची दोन उत्तरे ‘हो’ येतील त्याला, गोळ्यांची पिशवी सोबत घेऊन, मज्जाविकारतज्ज्ञाकडे पाठवायचे. निदान ठरले तर गोळी कधी घ्यायची ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्यायचे आणि महिन्याने पुन्हा त्याच घरी जायचे. तपासणीसाठी मी स्वतः येईन. तारीख तुम्ही ठरवा, शक्यतो कापूस वेचणी संपल्यावरची, म्हणजे माणसे घरी भेटतील.